वेदनेचे माप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी ह्या शाळेत गणित आणि मराठी असे दोन्ही विषय शिकविले. आज ही जोडी कोणाला विजोड वाटेल. पण विषय निश्चित करताना मला तीच उपयोगी पडली. गणित आपल्याला मोजायला शिकविते. मराठीचा तास, जे मोजता येत नाही असे आपण समजतो, त्याची भाषा शिकवितो. ह्या दोहोंच्या सीमेवर एक जुना प्रश्न उभा आहे. माणसाला जे जाणवते, ते मोजता येते काय? दुःख, आनंद, वेदना, शुद्धीवर असणे, ह्यांना एकक असू शकते काय?

मी वैद्य नाही आणि शास्त्रज्ञही नाही. आयुष्यभर भाषा शिकविलेला माणूस आहे. तरीही ह्या विषयाला हात घालण्याचे धाडस दोन कारणांनी करीत आहे. एक म्हणजे, ह्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या ह्याच हैदराबाद शहरात लिहिला गेला आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसरे म्हणजे, ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर भाषेत दडलेले आहे असे मला वाटते.

शुद्ध, भान आणि जाणीव

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजी ग्रंथांत ज्यासाठी बहुधा एकच शब्द वापरतात, त्यासाठी मराठीत निदान तीन रोजचे शब्द आहेत. रुग्ण शुद्धीवर येतो. रागावलेला माणूस भानावर येतो. आणि उपकाराची आपल्याला जाणीव होते. कीर्तनात रंगलेल्या श्रोत्याचे भान हरपते, परंतु त्याची शुद्ध हरपली असे आपण म्हणत नाही. तसे झाले तर पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. म्हणजे शुद्ध ही शरीराच्या जागेपणाची अवस्था, भान हे लक्षाचे केंद्र आणि जाणीव म्हणजे ज्याला जाणवते त्याच्या आतले ते जाणवणे. मोजण्याची भाषा सुरू झाली की पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की आपण ह्या तिहींपैकी काय मोजीत आहोत?

चौथा शब्द वेदना. तो ज्या ‘विद्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ जाणणे. वेद, विद्या, संवेदना ही त्याच कुळातली मंडळी. दुखणे म्हणजे मुळात एक प्रकारचे जाणणेच, अशी समजूत ह्या शब्दात आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत परमतत्त्वाला लावलेले एक विशेषण आहे, ‘स्वसंवेद्य’. ज्याचे त्यालाच जे कळते, ते स्वसंवेद्य. ज्ञानेश्वरांनी हा शब्द फार उंच जागी वापरला. पण साध्या दाढदुखीलाही तो तंतोतंत लागू पडतो. माझी दाढ दुखते हे तुम्ही माझ्या सुजलेल्या गालावरून ओळखू शकता. ते दुखणे मात्र मलाच आहे.

हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग

आता आपल्या शहराकडे वळतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन ह्याने ईथर देऊन शस्त्रक्रियेतील वेदना नाहीशी करता येते, हे जाहीररीत्या दाखविले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन ह्याने क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्याला दोन-तीन महिने होत नाहीत तोच, जानेवारी १८४८ मध्ये, हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मखाली दगावली. असे मृत्यू होत राहिले आणि वैद्यकांत वाद पेटला. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, की आधी हृदय बंद पडते? श्वास आधी थांबत असेल, तर श्वासावर नजर ठेवून रुग्ण वाचविता येईल. हृदय अचानक थांबत असेल, तर ती सावधगिरी अपुरी ठरेल.

एडिंबरोच्या परंपरेत घडलेले एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचे प्रमुख होते. श्वास सांभाळा, नाडीची चिंता करू नका, असे त्यांचे ठाम मत होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ साली पहिला क्लोरोफॉर्म आयोग घडवून आणला. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या मताप्रमाणे निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले, की तुमचाच शास्त्रज्ञ पाठवा आणि खात्री करून घ्या. त्याप्रमाणे १८८९ च्या ऑक्टोबरात लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आले. दुसरा आयोग बसला आणि चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांत कुत्र्यांबरोबर माकडेही होती. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर रक्तदाबाच्या आणि श्वासाच्या रेषा उमटविल्या गेल्या. ब्रंटन स्वतः विरुद्ध मताचे होते. ह्या रेषा पाहून त्यांनी मत बदलले आणि लॅन्सेटला तारेने तसे कळविले. एका देशी संस्थानाच्या पैशाने आणि त्याच्या राजधानीत जगाच्या वैद्यकातील वाद सोडविण्याचा हा प्रयत्न झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच काळात, १८८९ साली, हैदराबाद मेडिकल स्कूलमधून रूपाबाई फर्दुनजी ह्या पारशी विदुषी उत्तीर्ण झाल्या. भूल देण्याच्या कामाला वाहून घेणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

परंतु आयोगाचा निष्कर्ष टिकला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही ह्यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलिन उसळले, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते एकाएकी बंद पडू शकते. हे द्रव्य भीतीने आणि धडपडीने उसळते. म्हणजे गाढ भुलेपेक्षा अर्धवट शुद्धीची, घाबरलेली अवस्था काही वेळा अधिक घातक ठरत होती.

ह्या इतिहासातला बोध मला फार मोलाचा वाटतो. हैदराबादेत काढलेल्या रेषा खोट्या नव्हत्या. श्वास आणि रक्तदाब जसे चालले तसेच कागदावर उतरले. चूक झाली ती रेषांवरून काढलेल्या व्यापक सिद्धांतात. टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाची ती भीती, म्हणजे त्याचा अनुभव, मरणाच्या कारणांपैकी एक असू शकते, ह्या शक्यतेला त्या सिद्धांतात जागाच राहिली नव्हती. जे मोजले गेले ते खरे होते. पण तेवढेच सगळे आहे असे मानले गेले.

एककाचा शोध

जाणवणे थेट मोजण्याचे प्रयत्न मात्र त्याहून जुने आहेत. आपल्याकडचा एक तर चकित करणारा आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची मीमांसा आली आहे आणि तिचे स्वरूप चक्क गणिताचे आहे. तरुण, सुशिक्षित, दृढ आणि बलवान असा माणूस घ्यावा, संपत्तीने भरलेली सारी पृथ्वी त्याच्या स्वाधीन करावी. त्याचा जो आनंद, तो मानवी आनंदाचा एक. तेथून गंधर्व, पितर, देव अशा पायऱ्यांनी प्रत्येक वेळी शंभरपट वाढ होत जाते आणि दहाव्या पायरीवर ब्रह्मानंद येतो. गुरुजींनी फळ्यावर एकावर वीस शून्ये काढून दाखविली असती. पण त्याच्या पुढच्याच अनुवाकात उपनिषद सांगते, की तेथून वाणी आणि मन रिक्तहस्ते परततात. मोजणाऱ्यानेच मोजपट्टी खाली ठेवली.

युरोपात हा प्रयत्न गुस्ताव फेश्नर ह्या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने केला. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी त्याला सुचलेली कल्पना १८६० साली ग्रंथरूपाने आली. ती सोपी आहे. खोलीत एक पणती असताना दुसरी लावली तर फरक लगेच कळतो. शंभर पणत्या असताना आणखी एक लावली तर कळतही नाही. म्हणजे उजेड सारखाच वाढला तरी जाणवणे सारखे वाढत नाही. जेमतेम जाणवेल एवढा लहानात लहान फरक हे एकक धरले, तर बाहेरच्या उजेडाशी आतल्या जाणवण्याचा हिशेब जोडता येतो. मानसशास्त्राला प्रयोगशाळेत नेणारे हे पाऊल होते. पण त्यात एक गृहीत आहे. हे जेमतेम जाणवणारे सारे फरक आतून एकसारखेच असतात, हे कोणी ठरविले? शिवाय माझे एकक आणि तुमचे एकक शेजारी ठेवून ताडून पाहण्याचा तराजू कोणाजवळ आहे?

आकडा खाली येतो, माणूस जागा असतो

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला. १९४२ साली माँट्रियलला स्नायू शिथिल करणारे क्युरारे हे द्रव्य भुलेच्या जोडीला वापरले गेले. शल्यविशारदाचे काम त्यामुळे सोपे झाले. पण जुन्या खुणा गेल्या. ज्याचे स्नायू शिथिल केले आहेत तो हलू शकत नाही, कण्हू शकत नाही आणि श्वासही यंत्राच्या तालावर घेतो. भूल कमी पडली आणि तो आतून जागा राहिला, तर बाहेर कळणार कसे?

अशा वेळी मेंदूतील विद्युत्लहरींवरून भुलेची खोली सांगणारी यंत्रे आली. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक यंत्र शून्य ते शंभर असा आकडा दाखविते. शंभरच्या जवळ म्हणजे पूर्ण जागा. चाळीस ते साठ म्हणजे शस्त्रक्रियेला योग्य अशी भूल. ह्या यंत्रांचा उपयोग आहे, ह्यात शंका नाही. पण २०१५ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऐका. दहा स्वयंसेवकांना भूल न देता केवळ स्नायू शिथिल करणारे औषध दिले गेले. एका हाताला पट्टा आवळून तेवढा हात औषधापासून मोकळा ठेवला होता, म्हणजे ते हाताने उत्तर देऊ शकत. ते पूर्ण शुद्धीवर होते. तरीही यंत्रावरचा आकडा घसरला, आणि काहींच्या बाबतीत भूल चढलेल्या रुग्णाच्या पातळीपर्यंत उतरला.

शस्त्रक्रियेच्या वेळी किती जण जागे राहतात, ह्याचीही गणना झाली आहे. ब्रिटन आणि आयर्लंड येथील २०१४ च्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी आपणहून किंवा पुढे कधी सांगितलेल्या तक्रारींवरून सुमारे एकोणीस हजारांत एक असे प्रमाण निघाले. पण शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या आधीच्या पाहण्यांत ते हजारी एक-दोन इतके होते. आणि हात मोकळा ठेवून शस्त्रक्रियेच्या वेळीच ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा’ असे सांगितले, तर प्रमाण आणखी पुष्कळ वाढते; हात दाबणाऱ्यांपैकी अनेकांना नंतर काहीच आठवत नाही. गोष्ट तीच, पण विचारण्याची रीत बदलली की संख्या बदलते. तापमापक ताप मोजतो तेव्हा रुग्णाला विचारावे लागत नाही. इथे मात्र यंत्र बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठीसुद्धा अखेर त्या माणसाच्या हाताकडे किंवा तोंडाकडेच पाहावे लागते.

दहापैकी किती?

काही वर्षांपूर्वी ह्याच शहरात माझी एक शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने आपल्या गोड दख्खनीत विचारले, “दर्द कित्ता है साब, दस में?” मी चार म्हणालो. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ नऊ म्हणाले. तिने दोन्ही आकडे लिहून घेतले. नंतर मी विचार करीत राहिलो. माझ्या चारात थोडी भीड होती, थोडा रात्रीच्या मानाने पडलेला उतार होता आणि लवकर घरी जाण्याची इच्छाही होती. त्यांच्या नऊमध्ये काय काय होते ते मला कसे कळावे? पण तिने तो प्रश्न तीन तासांनी पुन्हा विचारला. माझा चार दोनवर आला, त्यांचा नऊ सहावर. तेव्हा त्या आकड्यांचे खरे काम माझ्या ध्यानात आले. माणसामाणसांत तुलना करायला ते कच्चे आहेत. पण एकाच माणसाच्या सकाळची आणि संध्याकाळची तुलना करायला पुरेसे भरवशाचे आहेत.

तिने प्रकार विचारला असता, तर मी अधिक चांगले उत्तर दिले असते. मराठीत दुखण्याचे कोठारच आहे. पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो, दात ठणकतो, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, सांध्यातून चमक निघते, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळते, जखम झोंबते, कपाळ भणभणते, बाळंतिणीला वेणा येतात. आपल्याकडची आजी ह्या शब्दांवरून निम्मे निदान करीत असे. ठणका आणि कळ ह्यांतला फरक कमीजास्तपणाचा नाही, जातीचा आहे. दहाच्या पट्टीवर तो बसत नाही. आपल्या हैदराबादेत तर आणखी गंमत. दख्खनी बोलणारा ‘सर दुखरा’ म्हणतो तेव्हा ते क्रियापद असते आणि मराठी माणूस ‘दुखरा पाय’ म्हणतो तेव्हा ते विशेषण. पण एकमेकांची कण्ह दोघांनाही कळते.

हे शास्त्रज्ञांनाही उमगले होते. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात अठ्ठ्याहत्तर शब्द वीस गटांत मांडले आहेत आणि रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडायचे असतात. वेदनेच्या मापनासाठी शब्दकोश लागतो, ही कबुली मला, एका भाषाशिक्षकाला, फार सुखावून गेली. आपली बोलीही मापनाला कधी घाबरली नाही. आपल्या मनावरचे मणाचे ओझे उतरते, कौतुकाने मूठभर मांस चढते, आईचा जीव तिळतिळ तुटतो, कोणाची प्रकृती तोळामासा असते. बाजारातली सारी मापे आपण मनाला लावली. पण तो मण कोणी तराजूत घातला नाही. ऐकणाऱ्याने अंदाज घ्यावा, एवढीच अपेक्षा होती.

जे बोलू शकत नाहीत

तेव्हा मोजणे सोडून द्यावे आणि प्रत्येकाला विचारावे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मला मान्य नाही आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याचे काय?

१९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ रुग्णालयांत नवजात अर्भकांवर अगदी अपुऱ्या भुलेखाली शस्त्रक्रिया होत. इतक्या लहान बाळाला वेदना कळत नाही, आणि भूल त्याला सोसणार नाही, अशी समजूत होती. भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद ह्यांनी अशा बाळांच्या रक्तातील, शरीरावरचा ताण दाखविणारी द्रव्ये मोजली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, वेदनाशामक औषध दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा ताण कमी आढळला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी झाले. त्यानंतर जगभर ही पद्धत बदलत गेली. त्या आकड्यांनी बाळाचा अनुभव मोजला नाही; तो स्वसंवेद्यच राहिला. पण ज्याला शब्द नव्हते, त्याच्या वतीने ते आकडे बोलले.

२००६ साली केंब्रिजच्या एड्रियन ओवेन ह्यांनी असेच एक दार उघडले. अपघातानंतर कित्येक महिने कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला त्यांनी, आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करायला सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो निरोगी माणसाचा उजळतो. पुढे इटलीतील संशोधकांनी मेंदूला बाहेरून चुंबकीय धक्का देऊन त्याचे पडसाद किती गुंतागुंतीचे उमटतात, ह्यावरून शून्य ते एक असा निर्देशांक बसविला. गाढ झोपेत आणि भुलेत तो खाली येतो. हे सारे शुद्धीचे माप आहे. पण खाटेशेजारी बसलेल्या कुटुंबाला, आपल्या माणसाशी बोलत राहावे की नाही, हे ठरविताना त्याचा केवढा आधार!

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना दोन गोष्टी जोडीने नमूद केल्या. मला दुखते असे कोणी म्हणाले तर त्याचा मान राखावा. आणि सांगता येत नाही एवढ्यावरून, मग तो माणूस असो वा प्राणी, त्याला दुखत नाही असे मानू नये. हैदराबादेतील त्या मुक्या जनावरांची आठवण मला हे वाचताना झाली.

समारोप

तेव्हा माझे उत्तर असे. अनुभवाच्या खुणा मोजता येतात. त्या मोजल्या पाहिजेत आणि जितक्या सूक्ष्मपणे मोजता येतील तितके बरे. अनुभव मात्र मोजणाऱ्याच्या हाती लागत नाही, कारण तो ज्याचा त्यालाच असतो. म्हणून बोलू शकणाऱ्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा असावा आणि आकड्याने त्याला खोटे पाडू नये. बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत आकड्याने त्याची बाजू मांडावी. पण आकडा कमी आला म्हणून त्याच्या ठिकाणी काहीच जाणवत नाही, असा निवाडा देऊ नये. श्वासाची रेषा सरळ चालली आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे, असे समजण्याची किंमत एकदा दिली गेली आहे.

शाळेच्या व्यासपीठावरून बोलतो आहे म्हणून शेवटी एवढेच. आपण शिक्षकही रोज हेच काम करतो. कविता वाचताना मुलाच्या मनात काय झाले, ते आपल्याला दिसत नाही. आपण त्याच्या उत्तराला दहापैकी सहा गुण देतो. गुण देणे भागच आहे, त्याशिवाय त्याला पुढची वाट दाखविता येणार नाही. गुरुजींचे जुने विद्यार्थी सांगतात, की ते उत्तरपत्रिकेवर गुणांच्या खाली नेहमी एक ओळ लिहीत आणि ती बहुधा प्रश्नार्थक असे. तुला इथे नेमके काय म्हणायचे होते? आकड्याच्या खाली तेवढी जागा मोकळी ठेवावी आणि तेथे प्रश्न लिहावा, मग तो रुग्णाच्या कागदावर असो की विद्यार्थ्याच्या.